वन्यप्राण्यांसाठी झटपट विषाणू-चाचणी: पैसा इथे घालावा का?

पाणवठा:
नमुना घ्या, बर्फात घाला, प्रयोगशाळेत पाठवा, मग पीसीआरच्या अहवालाची वाट बघा. आशियाई हत्तीच्या पिल्लाला ईईएचव्ही, म्हणजे हत्तींमधला जीवघेणा हर्पीस-विषाणू, झाला तर एवढी सवड नसते. लक्षणं दिसल्यावर एक-दोन दिवसांतही पिल्लू दगावतं. विषाणू मात्र त्याआधीच रक्तात सापडू लागतो. लॅम्प चाचणीला (तीही पीसीआरसारखी विषाणूचा जनुकीय अंशच शोधते) ६०-६५ अंशांचं स्थिर तापमान पुरतं, पीसीआरचं यंत्र लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की जागच्या जागी निदान करणाऱ्या किटवर खर्च व्हायलाच हवा.

तिरकस:
निदान झालं. पुढे?
१९९४ साली टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यातले सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. खापर फुटलं कॅनाइन डिस्टेंपरवर, म्हणजे मुख्यतः कुत्र्यांमध्ये दिसणाऱ्या विषाणूवर. पुढे साठवलेलं जुनं रक्त तपासलं, तर हाच विषाणू आधीही कळपांतून फिरून गेला होता आणि कुणाला पत्ताही लागला नव्हता! १९९४ मध्ये वेगळं काय होतं? दुष्काळ, खंगलेल्या म्हशी, त्यांच्यावर गोचिड्या आणि गोचिड्यांमधून बबेसिया हा रक्तातला परजीवी. विषाणूला त्याची जोड मिळाली म्हणून सिंह मेले. तुमच्या किटमधली चाचणी-पट्टी दोन्ही वेळेला 'पॉझिटिव्ह'च म्हणाली असती.

पाणवठा:
हे तर माझ्याच बाजूचं झालं की. डिस्टेंपरवर औषध नाही, बबेसियावर आहे. विषाणू आलाय हे लवकर कळलं तर गोचिड्यांकडे लक्ष तरी जाईल.

तिरकस:
गोचिड्या बघायला किट कशाला? डोळे आहेत.

मुंगूस:
मी निदानाच्या कामातली आहे, म्हणून दोन रुक्ष गोष्टी. चाचणी ९५ टक्के संवेदनशील (बाधितांतले ९५ टक्के पकडणारी) आणि ९५ टक्के विशिष्ट (निरोगींतल्या ९५ टक्क्यांना निगेटिव्ह म्हणणारी) धरा. हजार प्राण्यांत दहाच बाधित असतील तर पॉझिटिव्ह येतील साठेक आणि त्यातले पन्नास खोटे. त्या पन्नासांना पकडून वेगळं ठेवायचं? दुर्मिळ प्राण्याला बेशुद्ध करणं हीच एक जोखीम असते.
दुसरं, कुत्र्यांची प्रतिपिंड-पट्टी (विषाणूविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटीबॉडी शोधणारी) सिंहाला लावून चालत नाही, तिच्यातला रसायनी भाग कुत्र्याच्याच प्रतिपिंडांना ओळखतो. नवी बनवायची तर खात्रीचे बाधित नमुने हवेत, आणि प्राणीच मोजके उरलेत तिथे ते आणायचे कुठून? वर्षं जातात त्यात. किट 'बनवा' म्हणणं सोपं आहे.

पाणवठा:
मग सोडून द्यायचं?

मुंगूस:
तसं म्हणाले नाही. निरोगी कळप सरसकट चाळू नका, आजारी किंवा नुकताच मेलेला प्राणी तपासा. तिथे बाधेची शक्यता मुळातच जास्त, त्यामुळे पॉझिटिव्हला अर्थ येतो. मेलेल्याला बेशुद्धही करावं लागत नाही.

तिरकस:
पाळीव हत्तींच्या पिल्लांपुरतं मान्य. ती रक्त द्यायला शिकतात, विषाणूरोधक औषधंही देता येतात. रानातल्यांसाठी मात्र मी आधी आजूबाजूच्या कुत्र्यांना लस टोचेन.

पाणवठा:
टोचा. पण सेरेंगेटीभोवतीच्या कुत्र्यांना लस देऊनही सिंहांमधला डिस्टेंपर थांबला नाही, हेही वाचून या.