नाकावाटे स्टेम सेल: सेरेब्रल पाल्सीच्या लेकराला गुण येईल का?

प्रश्न (लातूर): मुलगी चार वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूला जन्माच्या आसपास इजा झाल्यानं हालचालींवर ताबा राहत नाही). नाकात थेंब टाकून स्टेम सेल (इतर पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) मेंदूत पोचवतो म्हणून एक क्लिनिक पैसे मागतंय. द्यावेत का?

उत्तर १: मार्ग खरा आहे, ताई. नाकाच्या छताला चाळणीसारखं हाड असतं. वासाच्या नसांच्या छिद्रांतून पेशी वर मेंदूत जातात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या अभ्यासात (2022) स्ट्रोक झालेल्या 10 नवजात बाळांना लक्षणं दिसल्यापासून आठवडाभरात एकदाच साडेचार ते पाच कोटी पेशी दिल्या. गंभीर अपाय नाही, एकाला हलका ताप. पण तुलनेचा गटच नव्हता, त्यामुळं गुण सिद्ध झाला नाही. शिवाय मेंदूची ताजी इजा रासायनिक संकेतांनी पेशी ओढते. चार वर्षांपूर्वीच्या इजेत ती ओढ फार क्षीण असते.

उत्तर २: पैसे अजिबात देऊ नका! आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांत सेरेब्रल पाल्सीला स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच, तीही मोफत. क्लिनिककडं चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर स्वतः तपासा.

उत्तर ३: तोवर फिजिओथेरपी थांबवू नका. स्नायू आखडले की सांधे वाकडे होतात, मग ऑपरेशनची पाळी येते. जिल्ह्याच्या सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीचं केंद्र) फिजिओथेरपी मोफत मिळते.