ते एक गाणं सोडून बाकीचं काय ऐकलंत?

राम राम मंडळी. नव्वदच्या दशकात आपल्याकडं बँडची कॅसेट घरात यायची ती एका गाण्यापायी. बाकीची गाणी म्हणजे भरती. बँडचं नावही कोणी लक्षात ठेवत नसे, ‘ते अमुक गाणंवाले’ म्हटलं की भागायचं. त्या भरतीतून तुमच्या हाती काही लागलं का? कुठं ऐकलं, कसं ऐकलं, लिहा. एकटे गायक नकोत. बँड किंवा जोडी हवी. वऱ्हाडीत, झाडीबोलीत, कशातही लिहा.

दर्यापूर तालुका, शेती
सिल्क रूट. ‘बूँदें’ ही 1998 ची कॅसेट. मोठ्या भावानं अमरावतीहून आणली तेव्हा कापूस वेचून घरी यायचे दिवस होते. ओसरीत ढीग, ढिगावर आम्ही पोट्टे लोळत पडलेलो अन् मधोमध टेप. ‘डूबा डूबा’ संपलं की भाऊ कॅसेट बाहेर काढायचा, चाकात पेन्सिल घालून गरगर फिरवायचा आणि पुन्हा तेच लावायचा. टेपनं मागं घेतली तर सेल उतरतात, आणि लाइन तर गेलेलीच असायची. एका दिवशी तो गाडी भरून मार्केटला गेला आणि टेप आमच्या ताब्यात आला. पेन्सिल फिरवायचा कंटाळा, म्हणून पुढचं वाजू दिलं. ‘बूँदें’ हे गाणं मी असं ऐकलं. बासरीसारखं वाजणारं ते रेकॉर्डर, कुठं माउथ ऑर्गन, आणि गाणाऱ्याला कसली घाई नाही. मला तर ते ‘डूबा डूबा’पेक्षा सरस वाटतं, आजही. 2000 मध्ये त्यांचा ‘पहचान’ आला, तो आमच्या तालुक्यात कोण्या दुकानात दिसला नाही. नंतर बँड मोडला. 2009 मध्ये ‘मसककली’ गाजलं तेव्हा भाऊ म्हणतो, हा नवा पोरगा भारी गाते बरं. अरे दादा, हा मोहित चौहान, तुझ्याच कॅसेटमधला! त्याला अजून पटलेलं नाही.

दारव्हा
मी संदलमधी, म्हंजे वरातीच्या बँडमधी, कॅसिओ वाजवतो. वरात मांडवाजोळ आली का ‘फायनल काउंटडाउन’ची सुरुवात वाजवाच लागते, नाई तं नवरदेवाचे दोस्त गाडीवर चढतेत. निस्ती सुरुवात! पुढं अख्खं गाणं हाय हे कोणाले मालूमच नाई. हे स्वीडनच्या युरोप बँडचं, 1986 चं. त्याचे सूर धुंडता धुंडता मले ‘कॅरी’ सापडलं, एकदम संथ. अमेरिकेत थे तिसऱ्या नंबरवर गेलं अन् काउंटडाउन आठव्यावरच थांबलं. सांगतलं तं कोणी मानत नाई. त्यायचा गिटारवाला जॉन नोरम त्याच साली बँड सोडून गेला. गाण्यात कीबोर्ड लय झाला, हे त्याचं दुखणं. आमचा बेंजोवालाही हेच म्हणते. पण थो जात नाई कुठं, लग्नाचा सीझन असते ना.

वरुड
युफोरिया चालते का?

— नाही भाऊ. ‘धूम पिचक धूम’ आणि ‘मायेरी’, दोन्ही सगळ्यांना पाठ. बाद.

पुसदजवळ, शिक्षिका
गॅदरिंगला दरवर्षी कोणती ना कोणती पोरगी ‘बार्बी गर्ल’ घेऊन येतेच, म्हणून अ‍ॅक्वाबद्दल लिहिते. 1997 चं ते गाणं. बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीनं कोर्टात खेचलं, आणि 2002 मध्ये अपिलाच्या निकालात न्यायाधीशांनी शेवटी दोघांनाही ‘जरा थंड घ्या’ असं सुनावलं. पण यांना एकगाणी म्हणणं मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये ‘डॉक्टर जोन्स’ आणि ‘टर्न बॅक टाइम’ हीसुद्धा पहिल्या नंबरवर होती. ‘टर्न बॅक टाइम’ लावून बघा. तो चिवचिवाट करणारा आवाज इतका गंभीर होऊ शकतो हे खरं वाटत नाही. गॅदरिंगला मात्र ते कोणी घेत नाही. नाचता येत नाही ना त्यावर.

चिखली, मोबाईल दुरुस्ती
आ-हा. ‘टेक ऑन मी’चा तो पेन्सिलच्या चित्रांचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेला. 2016 ला जिओ आलं तेव्हा फुकटच्या नेटवर बाकीचं ऐकलं. यांच्या देशात, नॉर्वेत, काय असेल ते असो, ब्रिटनमध्ये ते गाणं दोन नंबरवरच राहिलं. एक नंबरला गेलं ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’. 1987 च्या बाँडपटाचं शीर्षकगीतही यांचंच.

वडसा
लोस देल रिओ म्हणून दोन बाप्ये आहेत जी, स्पेनचे. ‘माकारेना’वाले. जोडी 1962 पासूनची, अन् गाणं आलं 1993 मध्ये! तोवर आपल्या मुलखातली लोकगीतं गात फिरले. 1996 मध्ये त्याचा रिमिक्स अमेरिकेत 14 आठवडे पहिल्या नंबरवर होता. आमच्याकडं मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, नाटकात असे नट आहेत, सारी हयात वेगवेगळ्या भूमिका केल्या, पण पब्लिक एकाच डायलॉगसाठी वन्समोर देते. ते रागावत नाहीत जी. मानधन त्याच्यावरच ठरते.

तिवसा तालुका
चंबावंबा. 1997 चं ‘टबथम्पिंग’, पडतो आणि पुन्हा उठतो असं ते गाणं. आम्ही होस्टेलवर पेपर बिघडला की लावायचो. ही मंडळी पक्की व्यवस्थाविरोधी, हे फार उशिरा कळलं. 2002 मध्ये जनरल मोटर्सनं ‘पास इट अलाँग’ हे त्यांचं दुसरं गाणं जाहिरातीसाठी घेतलं. यांनी पैसे घेतले आणि त्याच कंपनीविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या संस्थांना देऊन टाकले. पण खरा माल त्याच्याही आधीचा आहे. 1988 चा अल्बम, इंग्लंडमधल्या बंडाच्या जुन्या गाण्यांचा. नावातच 1381 साल आहे, तिकडच्या शेतकऱ्यांच्या उठावाचं. वाद्य एकही नाही, नुसते गळे. मी तो आमच्या गुरुदेव सेवा मंडळातल्या एका म्हाताऱ्या काकाजींना मोबाईलवर ऐकवला. भाषा कळायचा प्रश्नच नाही. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मांडीवर ठेकाही धरला, आणि म्हणाले, “गातेत बरे, पण यायले एक खंजिरी द्या ना कोणी.”