मदत हवी आहे: मोठ्या गंगाफळाला कॅल्शियम किती आणि कसं द्यावं?

राम राम मंडळी,

यावल तालुक्यात केळीच्या बागेला लागून अर्धा गुंठा जागेत यंदा पावसाळा सरताना अटलांटिक जायंट जातीचं गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, लावलंय. कॅनडातल्या हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत काढलेली ही जात. २०२५ साली इंग्लंडमध्ये जागतिक विक्रम झाला तो १,२७८.८ किलोच्या भोपळ्याचा. आपल्या हवेत तेवढं होणार नाही, पण वेल जोमात आहे आणि धरलेलं फळ न सडता, तडा न जाता मोठं व्हावं अशी मनापासून इच्छा आहे.

सुरुवातीची दोन फळं फुलाकडच्या टोकाने पिवळी पडून सडली. आता वेलावर एकच फळ ठेवलंय, घागरीएवढं झालंय. जो बघतो तो म्हणतो, कॅल्शियम कमी पडतंय. कुणी चुन्याची निवळी ओतायला सांगतं, कुणी अंड्याची टरफलं. दुकानात कॅल्शियम नायट्रेटची पिशवी पुढे केली. एका ओळखीच्याने तर कॅल्शियम क्लोराईड थेट फळावर मारायला सांगितलं.

माझी शंका वेगळीच आहे. माती परीक्षणात सामू (pH) ८.२ आलाय आणि मुक्त चुना भरपूर. बोअरचं पाणी इतकं जड की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, नखाने खरवडली तर भुकटी होते. अशा जमिनीत कॅल्शियम कमी पडेल कसं? वाचून एवढं कळलं की कॅल्शियम मुळांकडून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे, म्हणजे पानांकडे जातं. फळातून बाष्प फारसं उडत नाही, आणि पानात बसलेलं कॅल्शियम तिथून फळाकडे वळत नाही. मग वरून अजून घालून ते फळापर्यंत पोचणार आहे का?

शिवाय कॅल्शियम नायट्रेटमध्ये १८.८ टक्के कॅल्शियम असलं तरी १५.५ टक्के नत्रही आहे. फळ फुगायच्या काळात एवढं नत्र गेलं तर वेल नुसता पाल्यावर जाईल अशी भीती वाटते. एका वेलाला सुरक्षित मात्रा किती, ठिबकमधून इतर खतांबरोबर चालेल का आणि फळावर फवारावं का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १ (शिरपूर)

भाऊ, चुन्याची निवळी अजिबात नको. ८.२ सामूच्या जमिनीत चुना घातला की लोह आणि जस्त आणखी अडकतं, कोवळी पानं पिवळी पडतात. टरफलंही अशा जमिनीत विरघळत नाहीत.

मी टोमॅटोला कॅल्शियम नायट्रेट एका वेळी एकरी ५ किलो सोडतो. त्या हिशोबाने गुंठ्याला १२५ ग्रॅम, तुमच्या अर्ध्या गुंठ्याला साठेक ग्रॅम. तेवढंच, आणि तेवढं नत्र युरियातून कमी करा. ०:५२:३४, १२:६१:००, ०:०:५० ही फॉस्फेट-सल्फेटवाली विद्राव्य खतं किंवा मॅग्नेशियम सल्फेट यांतलं काहीही त्याच टाकीत घालू नका. फॉस्फेट किंवा सल्फेटशी गाठ पडली की साका बसतो आणि ड्रिपर बंद. दिवस वेगळा ठेवा, आधी आणि नंतर साधं पाणी सोडा.

एक फार महत्त्वाचं: उरलेलं द्रावण बादलीत ठेवू नका, पिशवीही गोठ्याजवळ नको. गुरांनी ते प्यायलं किंवा चाटलं तर नायट्रेटची विषबाधा होते, जनावर दगावतं.

प्रतिसाद २ (चोपडा)

ती दोन फळं केवढी असताना गेली? लिंबाएवढी असतानाच पिवळी पडली असतील तर ते कॅल्शियम नव्हे, परागीभवन नीट झालं नाही. सकाळी लवकर नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवायचं.

दुसरं, केळीच्या सवयीने पोटॅश जास्त जातंय का ते बघा. पोटॅश आणि अमोनियावालं खत जास्त झालं की मुळं कॅल्शियम कमी उचलतात. पाणी आज भरपूर, मग चार दिवस कोरडं, असं करू नका. तडा जायचं तेही मोठं कारण. संध्याकाळी मुळाशी ओल असू द्या. रात्री पानांतून बाष्प कमी उडतं, तेव्हा मुळांच्या दाबाने पाणी फळाकडे जातं आणि कॅल्शियमही त्याबरोबरच.

फवारणी करायचीच तर कोवळ्या फळावर, कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम, ऊन उतरल्यावर. आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस बघा. क्लोराईडने पानं करपतात, आणि पाण्यात टाकलं की ते तापतं. वापरलंच तर हातमोजे आणि चष्मा घाला, पाण्यात थोडं थोडं टाका. घागरीएवढ्या फळाची साल आता जून होत आली असेल, त्यावर मारून फारसा उपयोग नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ती फळं लिंबापेक्षा जेमतेम मोठी होती, म्हणजे परागीभवनाचं तुमचं म्हणणं पटतंय. पोटॅश आठवडाभर बंद करतो आणि वेलाची लाईन केळीच्या लाईनपासून वेगळी करतो, म्हणजे केळीचं खत इकडे येणार नाही. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारायला जाणारच आहे. तोवर कुणी सांगू शकेल का, जड पाण्यातून जे कॅल्शियम रोज जातंय ते या साठ ग्रॅममधून वजा धरायचं की नाही?