रॉयल एनफील्ड क्लासिक ५०० (२०१२, इंजेक्शन): घाट चढताना बंद पडते, फ्युएल पंप बदलू का?

कऱ्हाडकर_५००:
नमस्कार मंडळी. बाबांची २०१२ची क्लासिक ५०० आहे, ४६ हजार किलोमीटर झालेत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना चालवता येईना, त्यामुळे गाडी दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. टाकीत चारेक लिटर पेट्रोल तसंच राहिलं. दिवाळीत मी नवी बॅटरी बसवली, वरून ताजं पेट्रोल ओतलं आणि गाडी पहिल्याच बटणाला चालू झाली. आवाज ऐकून बाबा काठी टेकत बाहेर आले.

त्रास असा आहे. कऱ्हाडहून चिपळूणला जाताना काही नाही. परत येताना पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो की दहा मिनिटांत ओढ कमी होते, थ्रॉटल वाढवला की आणखीच गळपटते आणि बंद. वीस मिनिटं थांबलं की परत चालू. किल्ली टाकल्यावर पंपाचा आवाज येतो, पण पूर्वीसारखा खणखणीत नाही. इंजिनाचा दिवा लागत नाही. गॅरेजवाले म्हणतात पंप गेलाय, बदलून ट्यूनिंग करून देतो. हे काम मला स्वतः शिकून करायचंय. ट्यूनिंग म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

नानापेठ_रायडर:
आधी फुकटातली तपासणी. पुन्हा बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी तिथल्या तिथे चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक तुंबलंय. माझ्या गाडीचं तेच निघालं होतं.

उद्यमनगर_मेस्त्री:
भावा, पंप मागवायच्या आधी मोज. बावीस वर्षं हेच काम करतोय, आणि २०१६ला एका गिऱ्हाइकाचा चांगला पंप मी स्वतः काढून टाकलाय. नवा बसवला, तिसऱ्या दिवशी गाडी परत दारात. दोष निघाला कनेक्टरच्या हिरव्या पडलेल्या पिनेत. पैसे परत केले, पण ते अजून मनाला लागतं. म्हणून सविस्तर लिहितो.

पंपाला व्होल्ट पुरेसे मिळतात का बघ. किल्ली टाकल्यावर तो दोन-तीन सेकंदच फिरतो, तेव्हा मीटर आधी लावून ठेव आणि किल्ली दुसऱ्याला फिरवायला सांग. बॅटरीवर १२.४ आणि पंपाच्या कनेक्टरवर १०.५ दिसले, तर दोन व्होल्ट वाटेत वायर, रिले नाहीतर अर्थिंग खातंय. अशा वेळी नवा पंपही रडतच चालणार.

मग प्रेशर. टाकीतून इंजेक्टरला (इंजिनात पेट्रोल फवारतो तो) जाणाऱ्या पाइपात टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून प्रेशरचं गेज लाव. ३ बारच्या आसपास, म्हणजे साधारण ४३ पीएसआय हवं. थंड गाडीवर बरोबर दाखवेल, तेवढ्यावर विश्वास ठेवू नकोस. गाडी चांगली तापवून परत मोज. मला जास्त संशय पंपाच्या तोंडाला असलेल्या गाळणीच्या जाळीचा आहे. दोन वर्षं पडून राहिलेल्या टाकीत गंज धरतो. शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट खाली बसतं, आणि पंप नेमका तळालाच असतो. चढावर पेट्रोल जास्त लागतं, गाळ ओढला जाऊन जाळीला चिकटतो. गाडी थांबली की सुटून खाली बसतो, म्हणून वीस मिनिटांनी परत चालू. तापलेला थकलेला पंपही अगदी असाच वागतो, म्हणून लक्षणांवरून निकाल देऊ नकोस.

खोलताना पंपाचा कनेक्टर काढून इंजिन चालू कर, आपोआप बंद पडेल, पाइपातलं प्रेशर उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह काढ. टाकी पूर्ण रिकामी कर, कारण पंप खालून बसवलेला आहे. काम उघड्यावर, सावलीत. जवळपास देवाचा दिवासुद्धा नको. ओ-रिंग नवीच घाल, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळ.

टाकीच्या आतला छोटा पाइप बदलायचा असेल तर हे नीट वाच. बाहेर वापरतो तो इंजेक्शनचा आर-९ पाइप पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचा नसतो. त्याचं बाहेरचं रबर फुगून सुटतं आणि तुकडे जाळीवर जातात. आत बुडणारा आर-१० लागतो. महाग आहे, पण तोच घे.

आता ट्यूनिंग. पंपाला ट्यूनिंग नसतं. रेग्युलेटर ठरलेलं प्रेशर धरतो, आणि तेवढं आहेच असं धरून इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. प्रेशर पडलं तर त्याला कळायला मार्ग नाही, तिथं सेन्सरच नाही. ३ बारचं अडीच झालं तर पेट्रोल साधारण ९ टक्के कमी जातं. साडेतीनचा रेग्युलेटर असलेला पंप बसला तर ८ टक्के जास्त. म्हणून नुसता मापाला बसतो म्हणून कुठलाही पंप आणू नकोस, त्याचं प्रेशर विचार. थ्रॉटल अडवणाऱ्या स्क्रूला हात लावायचा नाही, थ्रॉटलच्या सेन्सरचं रीडिंग बिघडतं. आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, हवेच्या स्क्रूवर लावायचा, आणि तेही इंजिन तापल्यावर.

कऱ्हाडकर_५००:
मेस्त्री, तुम्ही सांगितलं त्या क्रमानं सगळं केलं, दोन रविवार लागले. झाकण ठीक. बॅटरीवर १२.३, पंपावर ११.९. प्रेशर थंड असताना २.९ बार, तापल्यावर २.१.

टाकी उपसली तर तळाला चहाच्या रंगाचं पाणी आणि गंजाचा चुरा. जाळी तपकिरी, आतला पाइप बोटानं दाबला तर पावासारखा मऊ. आधी फक्त जाळी आणि पाइप बदलला, तरी तापल्यावर २.४च. मग इंजेक्टरकडचं टोक बाटलीत सोडून चार वेळा किल्ली टाकली, जेमतेम ६० मिलि आलं. तेव्हा पंप बदलला. नव्यानं तेवढ्याच चार वेळांत १५० दिलं, तापल्यावरही २.९५. टाकीतला गंज साफ करून घेतला, इंजेक्टर अल्ट्रासॉनिकमध्ये धुतला. प्लग आता फिकट बिस्किटाच्या रंगाचा आहे, म्हणजे पेट्रोल-हवेचं प्रमाण ठीक दिसतंय.

काल बाबांना मागे बसवून चिपळूणला जाऊन आलो. येताना अख्खा घाट एका दमात चढली. माथ्यावर थांबलो तेव्हा बाबांनी स्वतः किल्ली बंद करून परत टाकली, फक्त पंपाचा आवाज ऐकायला.

एकच शंका उरली. गेज अजून लावलेलंच आहे, रात्रभरात सुई शून्यावर येते. हे बरोबर आहे का?

उद्यमनगर_मेस्त्री:
रात्रभरात उतरलं तर चिंता नको. बंद केल्यावर पाच मिनिटांत उतरत असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह धरत नाही. आज संध्याकाळी घड्याळ लावून बघ आणि कळव. आणि ते गेज काढून ठेव, टीच्या क्लॅम्पवर रोज गाडी पळवायची नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.