हॉलसाठी जुन्या थेटरासारखी दिव्यांची पाटी : सांगलीत 1500 रुपयांत जमेल का?

विश्रामबागकर
मंडळी, हॉलच्या भिंतीवर जुन्या थेटराबाहेर असायची तशी, अक्षरांत बल्ब बसवलेली पाटी लावायची आहे. ऑनलाइन आहेत त्या सगळ्या इंग्रजी अक्षरांच्या, आणि किंमत बघून फोन खाली ठेवला. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी जिथं नाटक उभं केलं त्या गावात राहून भिंतीवर ‘सिनेमा’ लिहायला मन होईना, म्हणून ‘तिसरी घंटा’ ठरवलंय. घर भाड्याचं, दोनच खिळे चालतील. फोमचा हलका सनबोर्ड घेऊ की दाबलेल्या भुशाचं एमडीएफ? बल्ब कुठले?

मिरज जंक्शन
शब्द छोटा करा, एवढा मोठा दीड हजारात बसत नाही. आणि जागा कमी पडली म्हणून नुसतं ‘घंटा’ ठेवू नका. कॉलेजची पोरं फोटो काढून गावभर फिरवतील.

पत्र्याची पेटी
मी स्वयंपाकघरासाठी ‘चहा’ केलंय, त्या अनुभवावर सांगते. इंग्रजी व्हिडिओ बघून मराठी पाटी करू नका. त्यांचं प्रत्येक अक्षर सुटं, वेगळा डबा, वेगळी वायर. आपला अख्खा शब्द शिरोरेघेला लटकतो. म्हणजे सांगाडा एकच, वायर रेघेच्या पोटातून जाते आणि खिळेही दोनच पुरतात. घोळ होतो तो वळणांत. ‘ह’च्या पोटात पट्टी वळवताना माझे दोन रविवार गेले, बोटं कापली ती वेगळीच.

तुम्ही ‘नांदी’ करा. नाटकाचाच शब्द, वळणं मोजकी. अनुस्वार तेवढा सुटा राहतो, त्याला मागून पत्र्याची पट्टी देऊन वर एकच मोठा दिवा लावा. फार गोड दिसेल.

मागचा भाग 5 मिमी सनबोर्डचा. अख्खा शीट घेऊ नका, बोर्ड बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे असतात. कडेच्या पट्ट्यांना 15 किलोचा तेलाचा रिकामा डबा फोडा. एका डब्यात 6 सेंमी रुंदीच्या, तीनेक फुटी पाच पट्ट्या निघतात. पुढची कड आधी पक्कडीने दुमडून घ्या आणि मगच हात लावा. पॉलिश पेपर मारून रेड ऑक्साइड दिल्याशिवाय त्या पत्र्यावर रंग टिकत नाही.

विश्रामबागकर
ताई, ‘नांदी’ फायनल! पण दिवे खरे पिवळे बल्बच हवेत, तो उजेड एलईडीला येत नाही.

कृष्णाकाठ
दादा, मी तेच केलं होतं. 15 वॅटचे बारा बल्ब, म्हणजे 180 वॅटची शेगडीच. तासाभरात सनबोर्ड पापडासारखा वाकला. शिवाय पत्र्याच्या खोक्यात 230 व्होल्ट, आणि घरात पोरं. नकोच ते.

बोर्डवाले वापरतात ती 5 व्होल्टची 9 मिमी एलईडी माळ घ्या, 50 दिव्यांची. रंग ‘वॉर्म व्हाइट’च, म्हणजे पिवळसर पांढरा मागा, नुसतं पांढरं म्हणाल तर मेडिकल दुकानाची पाटी होईल. दर 5 सेंमीवर भोक पाडून मागून दाबून बसवायचे. पाकिटावरचे वॅट बघा. दिव्याला 0.2 धरले तर 50 दिव्यांचे 10 वॅट, म्हणजे 2 अँपिअर. अ‍ॅडॉप्टर 3 अँपिअरचा घ्या, काठावरचा तापतो. गोल बल्बसारखं दिसायला टेबल टेनिसचे स्वस्त चेंडू अर्धे कापून वरून चिकटवा. हे फक्त या थंड दिव्यांवर, तापणाऱ्या बल्बवर अजिबात नाही.

मिरज जंक्शन
अक्षरं कॉम्प्युटरवरून प्रिंट काढली की झालं.

पत्र्याची पेटी
तिथंच तर पाटी नवी दिसते! फॉन्टमधली वेलांटी सरळसोट येते. जुन्या पाटीवर पेंटर ती शेवटी जरा झोकात सोडायचा. फ्लेक्स आल्यापासून काम कमी झालेला एखादा पेंटर शोधा आणि कागदावर फक्त अक्षरं काढून घ्या. सांगा, दांडा 5 सेंमी जाड ठेवा, नाहीतर दिव्याला जागा उरत नाही. पैसे मात्र घासाघीस न करता द्या.

विश्रामबागकर (तीन आठवड्यांनी)
झाली एकदाची! सनबोर्डचे तुकडे 120, डबा वाण्याने फुकट दिला, माळ आणि अ‍ॅडॉप्टर 610, चेंडू 200, रेड ऑक्साइड आणि लाल ऑइल पेंट 240, पेंटरकाका 400. एकूण 1570. सत्तर वर गेले, पण काकांनी ‘द’ची शेपूट अशी वळवलीय की तिच्यासाठीच जास्तीचे दोन दिवे बसवले. अनुस्वार जरा डावीकडे कलला आहे. बायको म्हणते राहू दे, तेवढं एकच खरंखुरं जुनं वाटतंय.

कृष्णाकाठ
फोटो दिवे लावून टाका की, दिवसाचा काय बघायचा!