मदत हवी आहे : पुनर्चक्रणाचे सरकारी आकडे नेमके कुठे मोजतात?

नमस्कार मंडळी,

भाचीला वादविवादासाठी विषय मिळालाय : 'कचऱ्याच्या पुनर्चक्रणासाठी सरकारने दंड करावा की पैशाची गोडी लावावी?' मुद्दे काढून देतो म्हणालो आणि आता मीच अडकलोय.

गोडीच्या बाजूने बरंच सापडलं. जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर अनामत आहे, २५ सेंट. दुकानातल्या यंत्रात रिकामी बाटली आडवी सरकवायची. यंत्र ती गोल फिरवून बारकोड वाचतं आणि चिठ्ठी देतं. चिठ्ठी गल्ल्यावर दिली की पैसे हातात. बाटली वेगळी परत येत असल्यामुळे तिच्यात खरकटं किंवा भिजलेला कागद मिसळत नाही, आणि एकाच जातीचं प्लास्टिक मिळतं.

दक्षिण कोरियाचं मात्र कळेना. तिथे १९९५ पासून उरलेला कचरा ठरावीक, विकतच्या पिशवीतूनच टाकावा लागतो. वेगळा काढलेला कागद, काच, डबे यांना पिशवी लागत नाही. याला दंड म्हणायचं की गोडी? भाचीने हेच विचारलं आणि मी चहा करायला उठलो.

खरी अडचण आकड्यांची आहे. 'इतके टक्के पुनर्चक्रण' म्हणतात ते गोळा केलेलं धरून, की खरंच नवं काही बनलेलं धरून? २०१८ मध्ये चीनने बाहेरचं टाकाऊ प्लास्टिक आणि मिसळलेला कागद घेणं बंद केलं. तोवर कितीतरी देश जहाजाने पाठवलेले गठ्ठे पुनर्चक्रणातच जमा धरत होते. पुढे त्या गठ्ठ्यांचं काय व्हायचं, ते कोण बघणार?

(आणखी एक : युरोपातल्या वेष्टनांवर दोन बाण गुंफलेला हिरवा ठिपका असतो ना? मी इतकी वर्षं तो 'पुनर्चक्रण होतं' अशी खूण समजत होतो. त्याचा अर्थ फक्त 'उत्पादकाने वर्गणी भरली आहे' एवढाच!)

जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १
कोरियाची पिशवी ही सरळ किंमत आहे : जितका कचरा, तितके पैसे. पण साध्या पिशवीतून गुपचूप टाकणाऱ्याला दंड आहेच, नाहीतर कोण कशाला विकत घेईल? म्हणजे दंड आणि गोडी दोन्ही एकत्रच. तेव्हा भाचीला सांगा, विषयातल्या 'दंड की गोडी' मधला 'की' हा शब्दच फोडून काढ.

अमेरिकेतलं ओरेगॉनही वाचा. १९७१ चा बाटली कायदा, अनामत ५ सेंट. महागाई वाढली, ५ सेंट तेवढेच राहिले, आणि बाटल्या परत येणं घटलं. मग तरतूद केली की परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांखाली गेलं तर अनामत दुप्पट. २०१७ मध्ये ती १० सेंट झाली आणि प्रमाण पुन्हा वर गेलं. गोडी लावली तरी अधूनमधून साखर वाढवावी लागते.

प्रतिसाद २
आकड्यांबद्दल : वजनकाटा कुठे लावलाय ते विचारा. घराच्या दारात, वर्गीकरण केंद्रात, की वितळवण्याच्या यंत्राच्या तोंडाशी? प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गळतं, त्यामुळे पहिल्या काट्यावरचा आकडा नेहमीच गुटगुटीत दिसतो. युरोपीय संघाने २०१९ मध्ये नियम कडक केले : माल प्रत्यक्ष पुनर्चक्रणाच्या प्रक्रियेत शिरतो तिथलं वजन धरायचं. दोन देशांची तुलना करताना दोघांचा काटा एकाच जागी आहे ना, एवढं आधी बघा. नसेल तर तो आकडा भाचीला देऊच नका, समोरचा पकडेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार! 'की' फोडायची कल्पना तिला जाम आवडली. लगेच पुढचा प्रश्न आलाय : लोक ज्या बाटल्या परत करतच नाहीत, त्यांची अनामत कोणाकडे राहते?

प्रतिसाद १
जर्मनीत उत्पादक-विक्रेत्यांकडेच. म्हणजे बाटली कचऱ्यात गेली की त्यांचा फायदा. हा मुद्दा शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवायला सांगा तिला.