गच्चीचं पाणी थेट बोअरमध्ये सोडावं का?

सहकारनगरची रहिवासी: आमची सोसायटी पुण्यात आंबिल ओढ्याजवळ आहे. २५ सप्टेंबर २०१९ची ओढ्याच्या पुराची रात्र इथं कुणी विसरलेलं नाही. तरीही ४०० चौरस मीटर गच्चीचे सगळे पाइप आजही रस्त्यावर सुटतात, पार्किंगभर पेव्हर ब्लॉक, आणि मे महिन्यात बोअर आटते. मला हे फार खटकतं. प्लंबर म्हणतो, पाइप सरळ बोअरमध्ये सोडा. सोडावा का?

मुरूम आणि कातळ: ताई, तसं अजिबात करू नका! गच्चीवरची धूळ, कबुतरांची घाण थेट भूजलात जाईल. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह हवाच, मग खडी-वाळूचा फिल्टर. आपल्याखाली बेसाल्ट आहे. पाणी मुरतं ते भेगांतून आणि झिजलेल्या थरातून, त्यामुळे शेजारच्या सोसायटीचा शोषखड्डा चालला म्हणून तुमचाही चालेलच असं नाही. आधी भूजलाच्या जाणकाराला जागा दाखवा. पाणी मात्र भरपूर आहे: एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर म्हणजे १ लिटर. वर्षाला ७०० मिलिमीटर धरले तर गळती वजा जाता दोन लाख लिटरच्या वर.

कात्रजकर: पुराचा हिशोब वेगळा. तासात ५० मिलिमीटर कोसळला तर तुमच्या गच्चीवरून २०,००० लिटर येतं. पावसाचं पाणी साठवायची टाकी केलीत आणि ती आधीच भरलेली असेल तर ते सगळं ओढ्यातच. म्हणून पावसाळ्यात साठलेलं पाणी फ्लशला, बागेला रोज वापरत राहा.

सहकारनगरची रहिवासी: हे पटलं. रविवारच्या मीटिंगमध्ये पेव्हर काढायचंही मांडते.